जावयाची ट्रायथलॉन

तुम्हाला सांगतो, शर्यतीचा मार्ग बायकोला कधी सांगू नये. वाघोलीकडे माझी पहिली ट्रायथलॉन होती. आधी पोहायचं, मग सायकल, शेवटी पळायचं. "तुला झेपायचं नाही," असं आमचा टीम लीड अख्ख्या ऑफिससमोर म्हणाला होता. त्यामुळे पूर्ण करणं भागच होतं.

पोहणं झालं, सायकल झाली आणि पळताना नेमकं माझ्या सासऱ्यांचं घर लागलं. दारात सगळी भावकी उभी. सासरे थेट आडवेच आले.

"जावईबापू, दारावरनं तसंच जाता व्हय?"

"मामा, शर्यत चालू आहे!"

"चालू द्या की. तुमच्याबिगर बी चालतीया ती."

मला खुर्चीत बसवलं. सासूबाईंनी ओवाळलं. मेव्हण्याने फेटा बांधला, खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. उतरवून ठेवावं तर बायको वर्षभर बोलणार नाही. तसाच पळत सुटलो. माझ्या मागे आता फक्त ॲम्ब्युलन्स होती.

शेवटची रेषा ओलांडली तर संयोजक हात जोडून पुढे आले आणि मला थेट स्टेजवर नेऊन बसवलं. बक्षीस समारंभाचे प्रमुख पाहुणे अजून यायचे होते आणि माझा नंबर शालीखाली झाकला गेला होता. समोर पहिल्याच रांगेत माझी फजिती बघायला आलेला टीम लीड, तोंड उघडं.

शेजारच्या खुर्चीतले नारायण पेठेतले आजोबा घड्याळ बघत म्हणाले, "अहो, प्रमुख पाहुणे वेळेवर आलेले आज पहिल्यांदाच बघतोय."