पाचव्या कोटाचं काज

मास्तर : ‘काका, पांढरा रंग चुगलखोर असतो.’ अस्सं म्हणाली होती ही. साडेपाच वर्षांची होती तेव्हा. माझ्या शिलाईच्या दुकानात आईचं बोट धरून उभी, नाक वाहतंय, आणि मलाच शहाणपण शिकवतेय, ‘फ्रॉक पांढरा नको, पांढरा आईला सगळं सांगून टाकतो.’ अजून कानात आहे तो आवाज. आणि आता बघा, खांद्यापासून घोट्यापर्यंत पांढरी होऊन लग्नाला उभी राहणार आहे.

फुलवाली : गोष्ट गोड आहे मास्तर, पण तुमचं कोपर माझ्या लिलीवर आहे. जरा अलीकडे सरका. हां. आता बोला, नवरीच्या हातात काय द्यायचं?

नवरी : गुलाब, मावशी. पांढरे.

मास्तर : नुसते पांढरे नाहीत. थांब रिळू, मला दाखवू दे. ही घ्या चिंधी. हिच्या पोशाखाची आहे, मीच शिवलाय. ह्या पांढऱ्याला जुळणारा गुलाब हवा.

फुलवाली : पांढऱ्याला पांढरा जुळतो. एवढं काय त्यात?

मास्तर : अहो, हा सायीचा पांढरा आहे. तुमच्या बादलीतला तो खडूचा पांढरा. शेजारी धरा, पोशाख मळका दिसेल.

फुलवाली : चाळीस वर्षं फुलं विकतेय, पण माझ्या गुलाबाला खडू म्हणणारा माणूस आज भेटला.

नवरी : मनावर घेऊ नका मावशी. घरी दुधावरून पण भांडतात. म्हणे आजचं दूध निळसर पांढरं आहे.

मास्तर : होतंच निळसर. पाणी घातलेलं.

फुलवाली : ऐका मास्तर, तुमच्यासाठीच आहे हे.

पांढऱ्या गं फुला, तुझा रंग कुणी पाहिला,
जो तो आपुल्या डोळ्याचा रंग लावून राहिला.

नवरी : अय्या! कुणाची ही?

फुलवाली : माझीच. बादल्यांत पाणी भरताना सुचतात. पाणी वाहतं तोवर टिकतात, नळ बंद केला की जातात. बरं, त्या गार कपाटाचं दार उघड बाळ. खालच्या कप्प्यात, डाव्या हाताला, अर्धवट उमललेले आहेत ना? एक दे इकडे. हं. चिंधी लावा मास्तर. आता बोला.

मास्तर : थांबा, उजेडाकडे धरू दे.

फुलवाली : बोला की.

मास्तर : पाकळीच्या मुळाशी जरा पिवळट झाक आहे.

फुलवाली : सायीलाही असते.

मास्तर : असते. बरोबर आहे. हाच.

फुलवाली : जिंकले गं बाई! आता गुच्छ केवढा बांधायचा? दोन्ही हातांत मावेल असा गोल, की खाली ओघळणारा?

नवरी : लहान हवा. माझ्या मैत्रिणीच्या लग्नात केवढा होता, कोबीचा गड्डा धरून उभी असल्यासारखी दिसत होती बिचारी.

फुलवाली : तो मी नव्हता हो बांधला.

नवरी : अकरा गुलाब, थोडी बारीक पानं, बस्स.

मास्तर : आणि धरायचा कमरेशी. छातीशी नाही. छातीशी धरलास तर पुढची शिवण झाकली जाईल. त्या शिवणीला मला नऊ दिवस लागलेत.

नवरी : बघा! लग्न माझं, काळजी शिवणीची.

मास्तर : लग्न काय, कुणाचंही होतं. तशी शिवण होत नाही.

फुलवाली : लिहिते. नवरीचा गुच्छ, अकरा गुलाब, सायीचे, कमरेशी. आता पुरुषांच्या कोटांची फुलं. ह्याच गुच्छातला एकेक गुलाब, मागं एक पान. गुच्छाला जुळणारं फूल फक्त घरच्यांना द्यायचं, म्हणजे लोकांना लांबून कळतं, नवरीची जवळची माणसं कोण ते. किती करू?

नवरी : पाच.

मास्तर : चार.

फुलवाली : आधी घरून ठरवून यायचं असतं.

मास्तर : चारच आहेत हो. मोजा. नवरा मुलगा, त्याचे वडील, त्याचा भाऊ, आणि हिचा मामा. चौघांचे कोट मीच शिवलेत, एकाच ताग्यातले. आणि चौघांच्या छातीवर, डाव्या बाजूला, खरं काज केलंय. फुलासाठी.

फुलवाली : खरं म्हणजे?

मास्तर : तयार कोटांना नुसता देखावा असतो. वरून दोरा फिरवलेला, आत भोकच नाही. मग लोक टाचणीनं फूल टोचतात. माझ्या कोटाला टाचणी लागता कामा नये. काजातून देठ आत सोडायचा, मागे मी दोऱ्याचा फासा ठेवलाय, त्यात तो अडकवायचा. फूल नाचलं तरी पडणार नाही.

फुलवाली : देठाची एवढी बडदास्त कुणी ठेवल्याचं मी ऐकलं नव्हतं. काज केवढं आहे? त्या मापानं मला देठावर हिरवी पट्टी गुंडाळायला हवी. जाड झाली तर जाणार नाही आत.

मास्तर : पाऊण इंच. रंगाला रंग लावून बघायला एक कोट आणलाय, हा घ्या. सावकाश, इस्त्री मोडेल.

फुलवाली : वा! काय बसलाय खांदा. कुणाचा हा?

मास्तर : माझाच. त्याच ताग्यातला. बाकीचे ज्याचे त्याला देऊन झाले.

फुलवाली : म्हणजे तुम्ही धरून कोट पाच झाले की. बरं, फूल लावून बघू.

(फुलवाली कोटाच्या डाव्या बाजूवर गुलाब धरते. दुसऱ्या हाताच्या बोटानं काज चाचपते. मग उजव्या बाजूवर चाचपते. दोन्हीकडे कापड सलग आहे.)

फुलवाली : मास्तर, काज कुठंय?

मास्तर : तो माझा कोट आहे ना.

फुलवाली : मग? तुमच्या कोटाचं काज खिशात ठेवलंय का?

मास्तर : राहिलं असेल. गडबडीत विसरलो असेन.

नवरी : विसरलात?

मास्तर : वय झालं आता.

नवरी : मावशी, हा माणूस झोपेत काजं करतो. एकदा तापानं फणफणला होता, सकाळी आई बघते तर चादरीला काज. तेही सरळ रेषेत. हे म्हणे विसरले!

मास्तर : चादरीचं काय मध्येच.

नवरी : काका, खरं सांगा.

मास्तर : त्यात सांगण्यासारखं काय आहे? काज म्हणजे चांगल्या कापडाला आपण होऊन पाडलेलं भोक. ज्याला फूल आहे, त्याला भोक पाडायचं. ज्याला नाही, त्याच्या कापडाला उगाच कात्री कशाला लावायची? एवढं साधं आहे.

नवरी : तुम्हाला फूल नाही, हे कुणी सांगितलं?

मास्तर : सगळं सांगावंच लागतं का?

फुलवाली : एक मिनिट. माझा गोंधळ होतोय. तुम्ही हिचे काका म्हणजे वडिलांचे भाऊ ना?

नवरी : नाही. आईचा नवरा.

फुलवाली : अगं, मग बाप की!

मास्तर : नाही नाही. वडील आहेत हिचे. असतात दूरच्या गावी. येताहेत ते लग्नाला, तसं पत्र आलंय. ही सहा वर्षांची असताना मी आलो घरात. म्हणजे दुकानात आधी ह्या दोघी आल्या, मग सहा महिन्यांनी मी त्यांच्या घरी. तेव्हा काका म्हणत होती, तेच चालू राहिलं.

फुलवाली : आणि ते वडील मधल्या काळात?

नवरी : वाढदिवसाला कार्ड. एकदा दोन वर्षांची दोन एकदम.

मास्तर : रिळू, असं बोलू नये. पोस्टाची चूक असू शकते.

फुलवाली : मास्तर, तुम्ही सरळ कापडाचे आहात, पण उलट्या बाजूनं शिवलेले. मग पाचवं फूल त्यांना का?

मास्तर : तेच म्हणणार होतो मी. हिनं पाच म्हटलं तेव्हा लक्षात आलं. ते त्यांचा कोट घालून येतील, काज असेल नसेल. त्यांच्यापुरती एक टाचणी द्या. बाहेरच्या कोटाला माझी हरकत नाही.

नवरी : त्यांना खुर्ची आहे काका. दुसऱ्या रांगेत, पंख्याखाली. बोलावलंय मी, येतील, छान जेवतील, फोटोत हसतील. फूल नाही त्यांना.

मास्तर : असं कसं? लोक बघतील. म्हणतील, सख्ख्या बापाला फूल नाही, आणि—

नवरी : आणि?

मास्तर : काही नाही.

फुलवाली : मी आत जाऊ का? पानं निवडायची आहेत... नाही, नाही जात. दुकान माझं आहे. नवरीबरोबर चालणार कोण, तेवढं सांगा. दारापासून पुढपर्यंत खुर्च्यांच्या मधून जो चालतो, त्याच्या फुलाला मी एक कळी जास्त लावते.

मास्तर : मामा चालेल.

नवरी : मामाचा गुडघा चालेल का, ते आधी विचारा! घरातून गाडीपर्यंत तो दोनदा बसतो.

मास्तर : मग नवऱ्याचा भाऊ. तोही चालेल.

नवरी : बघितलंत मावशी? हे असं आहे. चहात साखर नाही? चालेल. चष्म्याची काडी तुटली? दोरा बांधला, चालेल. पाहुणे आले, ह्यांना जमिनीवर झोपायला लागलं, चालेल.

फुलवाली : चालेल चालेल म्हणत माणूस आपला एका जागी बसून राहिला.

मास्तर : दोघी मिळून शिवताय मला आज.

नवरी : मी विचारलं होतं तुम्हाला. आठवतंय? सहा महिने झाले. तुम्ही बटणं लावत होतात. मी म्हटलं, काका, माझ्याबरोबर कोण चाललं तर तुम्हाला बरं वाटेल?

मास्तर : आठवतंय.

नवरी : काय म्हणालात?

मास्तर : कुणीही चालेल.

नवरी : मान वर केली नाहीत. दोरा तोडलात दातानं आणि पुढचं बटण घेतलंत.

मास्तर : दोरा तोंडात असताना माणूस नीट बोलू शकत नाही.

नवरी : सहा महिने मी वाट बघतेय काका. म्हटलं, आज म्हणतील, उद्या म्हणतील. पोशाखाचं माप घेताना म्हणतील. तुम्ही शिवणीबद्दल नऊ दिवस बोललात.

मास्तर : अगं, हे आपण मागायचं नसतं. मुलीनं द्यायचं असतं. मी मागितलं असतं आणि तुला नाही म्हणता आलं नसतं, मग? तुझ्या लग्नात तुलाच संकोच. मी कोण त्यात पुढं पुढं करणारा?

नवरी : आणि मला वाटायचं, मी सरळ म्हटलं ‘तुम्ही चला’, तर तुम्ही काय म्हणणार हे ठरलेलंच आहे. ‘चालेल.’ साखर नसलेल्या चहासारखं. ह्या एका गोष्टीत मला चालेल नकोय. चालवून घेतलेलं नकोय. तुम्हाला हवं असेल तरच हवंय.

(मास्तर हातातली चिंधी डोळ्यांना लावतात.)

फुलवाली : 

फुलाचं कवतिक सारा गाव करी बाई,
देठानं काय सोसलं कुणी पुसलं नाही.

घ्या मास्तर, रुमाल म्हणून ही चिंधी नका वापरू, रंग जाईल तिचा. हा घ्या, टेबल पुसायचा आहे, पण स्वच्छ आहे.

मास्तर : मला काही झालेलं नाही. तुमच्या लिलीचा पराग जातो डोळ्यात.

फुलवाली : लिलीचे पराग मी रोज सकाळी काढून टाकते. पोशाखाला डाग पडतो म्हणून.

नवरी : हसू नका मावशी. काका, रडताय का?

मास्तर : हा कोट पूर्ण झालाय रिळू. अस्तर लागलंय, इस्त्री झालीय. आता ह्याला काज करायचं म्हणजे चारी थर एकदम कापावे लागतील. एका घावात. कात्री तसूभर इकडची तिकडं झाली तर कोट गेला.

नवरी : आजवर कधी इकडची तिकडं झाली?

मास्तर : नाही.

नवरी : मग?

मास्तर : आजवर माझ्या स्वतःच्या कोटाला कधी फुलाचं काज केलेलं नाही. वाकडं झालं तर?

फुलवाली : होऊ दे की. थोडं वाकडं झालं तर वरून माझा गुलाब आहे. गुलाब कशासाठी असतात?

मास्तर : माझं काज वाकडं होणार नाही, बाई.

फुलवाली : हां! आता कसं मास्तर बोलले. बरं, माझी पेन्सिल कानावरून घसरायला लागलीय. काय लिहू? चार की पाच? आणि जास्तीची कळी कुणाच्या फुलाला?

नवरी : मला विचारू नका, मावशी. त्यांना विचारा.

मास्तर : पाच लिहा.

फुलवाली : पाच. आणि कळी?

मास्तर : पाचव्याला.

नवरी : काका, चालेल म्हणून म्हणताय?

मास्तर : नाही गं. त्या दिवशी बटणं लावताना मी खोटं बोललो तुझ्याशी. कुणीही चालेल म्हणालो. मला दुसरं कुणीही चालणार नव्हतं.