ताईच्या चढासाठी टायर

...आणि वर मलाच विचारतो, "मावशी, तुम्हाला कशाला हवी एवढी पकड?" आता काय सांगायचं ह्या टायरवाल्याला! अहो, माझी ती विजेवरची तीनचाकी, बसून चालवायची, पुढे टोपली असलेली, तिला नवीन टायर बघायला गेले होते मी, डोंगर ओलांडायला नव्हते निघाले! तुम्हाला सांगते, माझं मागणं एवढंच होतं, चढावर घसरू नये.

चढ म्हणजे ताईच्या घराचा. माझी थोरली बहीण. आमचं घर गावाच्या ह्या टोकाला, तिचं त्या टोकाला, तेही चढावर. चढाला दगडी फरशी, आणि वरची टाकी झिरपून झिरपून तिच्यावर शेवाळ! ह्यांची स्कूटर तिथे एकदा आडवी झाली, तेव्हापासून हे त्या चढाचं नाव काढत नाहीत. माझे गुडघे चढू देत नाहीत, ताईचे उतरू देत नाहीत. मग भेट कशी? तर मी खाली गाडीत, ती वर खिडकीत, आणि दोघींच्या कानाला फोन! ती म्हणते, "दिसतेस गं, हिरव्या साडीत छान दिसतेस." अगं ताई, ती कचऱ्याची पेटी! मी तिच्या शेजारी, निळ्यात! हसून हसून पुरेवाट... पण फोन ठेवला की गाडी वळवायला हात होत नाही हो.

म्हणून देवाला नवस बोलले. गाडी ताईच्या दारात जाईपर्यंत चहात साखर नाही! हे म्हणाले, "चार दिवसांचं खूळ." कसलं खूळ? दोन हिवाळे गेले, तोंड कडू झालं, पण विश्वास नाही हो कडू झाला.

तर टायरवाला एक गुळगुळीत टायर काढून म्हणतो, "हे घ्या, लोण्यासारखं धावेल." म्हटलं, लोण्यासारखंच तर घसरतंय रे बाबा! तेवढ्यात सोबत आलेले आमचे हे, दुसरंच टायर अंगठ्यानं दाबून म्हणतात, "हे कडक घे, जन्मभर टिकेल." टिकून काय करू, पायथ्याशी उभी राहू? शेवटी मीच बोट दाखवलं... ते, मऊ रबराचं, खोल खाचांचं! टायरवाला म्हणतो, "ओल्यात धरून राहील, पण बॅटरी खातं हां. गाडी निम्मंच अंतर जाईल." म्हटलं, खाऊ दे! माझं मागणं एवढंच, घसरू नये.

आणि आज... चढली हो, चढली! शेवाळ आलं तशी मी भक्तिभावानं हात जोडायला निघाले, मग आठवलं, गाडी मीच चालवतेय! वर खिडकीत ताई ओरडतेय, "आली, आली गं बाई!" कुणाला सांगत होती? फोनवर मलाच! दार उघडलं तर... खिडकीत केवढी मोठी वाटायची, जवळून एवढीशी झालीय. मग तिनं चहा टाकला, आणि न विचारता दोन चमचे साखर.

इतक्यात ह्यांचा फोन. "निघालीस का?" बघते तर बॅटरीचा लाल दिवा! "मग चार्ज कर." चार्जर घरी, कपाटावर. "मी आणून देऊ?" आणि लगेच स्वतःच, "नाही, नको!" चढ आठवला असणार. मग म्हणतात, "अगं, परतीचा काही विचार?" आता खरं सांगू का? देवाला जायचं बोलले होते, यायचं बोललेच नाही! एवढंच मागणं होतं ना माझं... त्यानं तेवढंच दिलं. हे वैतागले, "मग बोल आता परतीचं!"

बोलेन हो, बोलेन. पण नुसतं कसं बोलणार? पुन्हा काहीतरी सोडायला हवं... आणि साखर तर आत्ताच सुरू केलीय!