विमानाच्या घिरट्या

१९८७ साली ठाण्यात, एसटीच्या रांगेत, कोळीण सगुणा आणि तिच्या जुन्या गिऱ्हाईक मंदाकिनीबाई माझ्यापुढे उभ्या होत्या.

“सगुणा, नवरा सुखरूप आहे ना?”

“हाय की. पार लांब होडी बुडाली. चौघं फळीला धरून होते. विमान आलं, पण नुसतं वरच फिरत राहिलं. बाकीच्यांनी शिव्या घातल्या.”

“घालणारच.”

“आमचे म्हणाले, गप बसा. पाखरं फिरतात तिथं आपण जाळं टाकतो ना? या विमानाला बघून कोणतरी येईल.”

“आलं?”

“हेलिकॉप्टर आलं, नेमकं तिथंच. दोर सोडून एकेकाला उचललं.”

“आता समुद्र नको म्हणावं.”

“सकाळीच गेले. मी त्यांना पापलेटं आणायला सांगितलीत. दोरवाल्याला एक, आन् वर फिरणाऱ्याला मोठं.”