छपाईत

विद्यार्थिनी : सर, त्या कपाटात मघाशीच बघून झालं.

सर : मागची रांग राहिली होती. पुस्तकंही माणसांसारखीच असतात, हवी असली की नेमकी मागे दडतात.

विद्यार्थिनी : राहू दे ना. तो संदर्भ मी काढूनच टाकते. संध्याकाळी पोर्टल बंद होईल आणि तुमची सही अजून व्हायचीय.

सर : काढून कशी टाकशील? लहान मुलांच्या बोलण्यावर शोधनिबंध लिहितेस, आणि यादीत 'बोबड्या बोलांचं व्याकरण' नाही? परीक्षक हसतील.

विद्यार्थिनी : पण सॉफ्टवेअर त्याच्यापुढे लाल खूण करतंय. बाकीच्या संदर्भांचे प्रकाशक, वर्षं, सगळं त्यानं आपोआप भरलं. इथे आलं की म्हणतं, असं पुस्तकच सापडत नाही.

सर : त्याला काय कळतंय! कालचं पोर ते.

विद्यार्थिनी : मी ग्रंथालयांच्या सूचीतही शोधलं. कुठेच नाही.

सर : हळू बोल जरा.

विद्यार्थिनी : का?

सर : काही नाही. आत काकू झोपल्यात.

विद्यार्थिनी : काकू चहा करतायत. आत्ता मीच आलं किसून दिलं.

सर : बरं, बरं. तुला हा संदर्भ मिळाला कुठून?

विद्यार्थिनी : विभागात ती फाईल फिरते ना, तयार संदर्भसूचीची. जो तो उचलतो, सॉफ्टवेअरमध्ये ओततो आणि वर आपली चार नावं घालतो. मुळात ती तुमच्या प्रबंधातली आहे म्हणतात.

सर : म्हणतात?

विद्यार्थिनी : आहेच. सकाळी ग्रंथालयात तुमचा प्रबंध काढून बघितला. तिथे या पुस्तकापुढे कंसात एक शब्द आहे, तो फाईलमध्ये नाही. 'छपाईत'.

सर : हं.

विद्यार्थिनी : टाईप करताना कुणीतरी गाळला, मग सगळ्यांनीच. सर, हे पुस्तक छापून कधी आलं?

काकू : नाही आलं.

(सर कपाटाचं दार लावतात.)

काकू : चहा घे गं. आणि तुम्ही बसा बघू खाली, येरझारा घालून फरशी झिजवलीत.

विद्यार्थिनी : काकू, हे पुस्तक ज्यांच्या नावावर आहे, त्या बाईंना तुम्ही ओळखता?

काकू : चांगलीच. ते माझं माहेरचं आडनाव.

विद्यार्थिनी : अय्या! म्हणजे तुम्ही...

काकू : आमचं पोरगं बोबडं बोलायचं तेव्हा लिहायला घेतलं होतं. 'र' कुठे गिळतो, कुठे 'ल'वर भागवतो, सगळं टिपून ठेवायचे. मग तो स्वच्छ बोलायला लागला, पाठोपाठ उलटून बोलायला लागला, आणि माझं राहून गेलं. ह्यांनी मात्र प्रबंधात तो एक शब्द लिहून परस्पर छापखान्यात पोचवून टाकलं!

सर : अगं, मला वाटलं, एकदा छापील अक्षरात नाव बघितलंस की पुरं करशील.

काकू : आणि तुमच्या तिसऱ्या प्रकरणाचा डोलारा त्याच्यावर उभा होता, ते?

सर : ते... तेही होतं.

काकू : तेही होतं म्हणे! बरं, किती जणांनी वाचलंय गं माझं पुस्तक?

विद्यार्थिनी : दर वर्षीच्या सगळ्यांनी. एकानं तर पान एकशे बाराचा दाखला दिलाय.

काकू : एकशे बारा! आणि काय म्हणते मी तिथे?

विद्यार्थिनी : मूल चुकत नसतं. ते स्वतःचा नियम करतं आणि तो आपल्यापेक्षा काटेकोर पाळतं.

काकू : हे... हे माझंच आहे की. पण मी तर चाळीस पानांपुढे गेलेच नाही.

सर : वर्गात सांगतो मी. दर वर्षी. तुझं नाव घेऊन सांगतो.

काकू : घरी नाही कधी सांगितलंत.

विद्यार्थिनी : काकू, माफ करा, पण खोटा संदर्भ निघाला तर माझा निबंध परत येईल. गेल्या खेपेला दोघांचे आले. मी काढते तो.

सर : काढू नकोस.

विद्यार्थिनी : मग काय लिहू? सही तुम्हीच करणार आहात.

सर : हिला विचार.

काकू : तुझं सॉफ्टवेअर पर्याय काय काय देतं?

विद्यार्थिनी : प्रकाशित, छपाईत, अप्रकाशित. आणि खाली एक आहे, 'लेखन चालू'.

सर : अप्रकाशित टाक. खरं तेच आहे.

काकू : माझ्या पुस्तकाचं एकदा तुम्ही ठरवलंत ना? आता मला ठरवू द्या. तो खालचा टाक गं.

सर : अगं, पण इतक्या वर्षांनी ते कागद तरी...

काकू : कागद कुठे आहेत ते मला ठाऊक आहे. मघापासून तुम्ही चुकीच्या कपाटात शोधताय.

विद्यार्थिनी : टाकलं. गेली लाल खूण! फक्त वर्ष मागतंय, काकू.

काकू : मागू दे.