आत्याबाईंची ताकदीची पूड

नाय ओ आत्याबाई, डबा पिशवीतच राहू दे, जाताना परत न्या. रोह्याहून एवढ्या मायेनं आणलात, कळतं मला — पण ह्यांना ताकद नकोच हाय. हसताय काय? खरं सांगते. तुमच्या भाच्याला ताकद आली तर माझी किडनी जाईल. कशी म्हणजे? माझीच बसवलीय ना त्यांना — आता त्यांच्या अंगाला काय ठाऊक, ही बायकोची? अंगाला वाटतं, कोण ही परकी घुसली, हाकला हिला. डॉक्टरांनीच सांगितलं. म्हणून गोळ्या, सकाळी नि रात्री, जन्मभर — अंगातला राखणदार गुंगीत ठेवायचा. जागा झाला की पहिला माझ्यावर. मला काय नवल वाटलं नाय. मी ह्या दारात आले तेव्हा तुमीच म्हणाला होतात, ही कासूकडची, मिठागरातली, भातवाल्यांच्या घरात कशी टिकायची? — नाय नाय, राग कसला, जुनी गोष्ट. अजून ‘कासूची’च म्हणता, तेवढंच. आता एक कासूची बाहेर हाय, एक आत. आतलीसाठी निदान गोळी तरी निघालीय.

पण राखणदार झोपला की चोराचंही फावतं ना — म्हणून तुमाला तोंडाला फडकं बांधायला लावलं, वाईट वाटून घेऊ नका. साधं पडसं झालं तरी ह्यांना दवाखाना. कारखान्यात तर पाय ठेवू देत नाय मी, ती धूळ, तो रंगाचा वास. गणपतीचे डोळे आखावेत तर त्यांनीच, अख्खं हमरापूर सांगेल — मग मी एकेक मूर्ती पुसून ओटीवर आणते, ते डोळे आखतात, मी परत आत नेते. कंबर मोडते, पण ते खूश असतात. आणि एवढं करून दिवाळीपासून रिपोर्ट बिघडलाय बघा. डॉक्टर म्हणाले, दुसरं काय घेतात का? मी म्हटलं, माझ्या हातचं सोडून पाणीसुद्धा नाय. तर माझ्याकडेच असं बघितलं, जशी मीच गोळ्या चुकवते. घरी येऊन मोरीत बसून रडले. ही गेली तर दुसरी कुठून आणू? मला एकच उरलीय — मागितली असती तर तीही दिली असती, ते वेगळं.

तर ही पूड तुमीच घ्या. गुळवेल चांगलीच, तुमच्या गुडघ्यांना — काय? आधीची संपली का? कुठली आधीची? … रक्त तपासायला पेणला जातात तेव्हा? स्टेशनावर? दर वेळी डबा? आणि ‘सरूला सांगू नको’ कोण म्हणालं, तुमी का ते? — नाय ओ, ओरडत नाय मी. हा आवाजच असा हाय माझा, मिठागरातला.

अहो! ब्रश ठेवा खाली. कपडे बदला, दवाखान्यात जायचंय. — आत्ता. डोळे राहू देत.

आत्याबाई, उठा तुमी. नाय, डबा नका नेऊ, डबा राहू दे, डॉक्टरांना दाखवायचाय. तुमी जा. रोह्याची गाडी मिळेल अजून. कासूवरूनच जाते.