पिकअपचा उजवा दिवा

लंडनमधल्या स्टॅनमोरचा माझा मित्र सदानंद, त्याचा तो ट्रक हिरवा होता की निळा, हे मी आता छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्याला मागे एकच लाल दिवा होता, एवढं नक्की. चाळीसच्या दशकातल्या अमेरिकन पिकअपचं ते वीतभर मॉडेल सदानंद चार महिने जोडत होता, रविवारच्या स्पर्धेसाठी. तो चहा करायला गेला आणि मी ते उचलून पाहिलं, तर उजवा दिवा गायब. माझ्याच हातून पडला असणार, म्हणून मी कार्पेटवर रांगत शोधू लागलो.

सदानंद कप घेऊन दारात उभा. "काय हरवलं?"

"चष्मा."

"तुझ्या नाकावर आहे."

तो बिस्किटं आणायला वळला, तेवढ्यात मी किटच्या डब्यात उरलेला एक लाल दिवा उजवीकडे चिकटवून टाकला.

रविवारी परीक्षकांनी भिंग लावलं. "काम अप्रतिम आहे. पण याला मागे एकच दिवा असायचा."

मी चष्मा काढून पुसू लागलो. सदानंदाने ट्रककडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बरोबर," तो शांतपणे म्हणाला, "पण या ट्रकच्या मालकाने दुसरा हौसेने बसवून घेतलाय."

परीक्षक हसले. बक्षीस त्यालाच मिळालं. परतताना मी कबुली दिली.

"चष्मा शोधत होतास तेव्हाच शंका आली होती," तो म्हणाला.

मला वाचवायला त्याने किती सफाईने थाप मारली, याचं मी पुढे कैक वर्षं कौतुक करत राहिलो. मग एका जुन्या माहितीपत्रकात वाचलं: कारखान्यातून फक्त डावा दिवा येई, उजवा हवा असेल तर मालकाला वेगळा मागवावा लागे.