बाबांनी गाणं बंद केलं

अरे, पॅरालिसिसनंतर बाबांचा उजवा हात हलतच नव्हता. व्यायामाचं नाव काढलं की चिडायचे. निदान डाव्या हाताने काही करता यावं म्हणून चारकोपच्या घरी पलंगाशेजारी दिवे आणि गाणी चालवणारं बटणांचं पॅनल बसवलं. इलेक्ट्रिशियनने ते नेमकं उजवीकडे लावलं! "उद्या बदलून देतो," म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी ताईच्या फोनवरून चुकून बाबांच्या खोलीतल्या स्पीकरवर ढिंच्याक गाणं सुरू झालं, तेही फुल आवाजात. बाबा ओरडले, "बंद करा ते!" आम्ही धावत पोचलो, तर डावा हात पोचत नाही म्हणून उजवा हात थरथरत वर चाललेला. बटण दाबलं, गाणं थांबलं.

आईने डोळे पुसले, ताईचा फोन घेऊन तेच गाणं परत लावलं आणि म्हणाली, "अहो, आता पुन्हा बंद करा बघू!"